मासे आजारी की पाणी आजारी?

वालचंदनगरच्या वसाहतीत काय किंवा इंदापूर-बारामतीच्या वाड्यावस्त्यांवर काय, काचपेटीत शोभिवंत मासे पाळण्याची हौस अनेक घरांत दिसते. मुलांच्या हट्टाखातर मासे आणले जातात, दहा-पंधरा दिवसांत एकामागून एक मरतात, आणि ‘या घराला मासे लाभत नाहीत’ असे म्हणून काचपेटी माळ्यावर जाते. वस्तुतः दोष दैवाचा नसतो. बहुधा तो पाण्याचा असतो. जनावर आजारी पडले म्हणजे आपण गोठा व वैरण प्रथम पाहतो. माशाचा गोठा म्हणजे पाणी. औषध आणण्यापूर्वी तेच तपासावे.

पाण्याचा दोष कसा ओळखावा?

सर्व मासे एकाच वेळी बेचैन झाले, तर दोष पाण्यात आहे असे समजावे. एखादाच मासा खंगून नंतर इतरांस लागण झाली, तर रोगाचा संशय घ्यावा. सर्व मासे पृष्ठभागाशी येऊन, विशेषतः पहाटे, तोंडाने हवा घेऊ लागले, तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. अशा वेळी हवेचा पंप चालू करावा आणि काही पाणी बदलावे.

नव्या काचपेटीतील मृत्यूंचे मुख्य कारण अमोनिया हे होय. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून तो तयार होतो. उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. परंतु हे जीवाणू पुरेसे वाढण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासे थोडेच ठेवावेत. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. काचपेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा, म्हणजे जीवाणू टिकून राहतात.

आपल्या भागातील पाणी

नीरा डाव्या कालव्याच्या क्षेत्रात भारी काळ्या जमिनीचा निचरा कमी असल्याने अनेक विहिरींचे पाणी जड व खारवट असते. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. म्हणून सामू तपासून घ्यावा, आणि तो अधिक असल्यास खाद्य व माशांची संख्या यांबाबत विशेष संयम पाळावा. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकलेली असल्यास ते रुंद भांड्यात २४ तास उघडे ठेवून मगच वापरावे. कालव्याचे पाणी तसेच घालू नये. त्यात शेतातून वाहून आलेली खते व औषधे असू शकतात. फवारणी करून आलेला हात काचपेटीत घालू नये. डासांसाठी घरात औषध फवारताना काचपेटी झाकावी व हवेचा पंप बंद ठेवावा. ही औषधे माशांस अतिशय घातक असतात.

रोगाची लक्षणे

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसणे व माशाने अंग घासणे, ही श्वेतबिंदू रोगाची लक्षणे होत. औषध या परोपजीवीस तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मारते. म्हणून ठिपके नाहीसे झाले तरी उपचार मध्येच थांबवू नये. परांच्या कडा झिजणे हे बहुधा घाणेरड्या पाण्याचे फळ असते. जखमेवर कापसासारखा पुंजका दिसल्यास तो बुरशीचा समजावा. पोट फुगून खवले उभे राहिल्यास रोग गंभीर जाणावा व तो मासा वेगळा करावा.

तात्काळ उपाय

खाद्य एक-दोन दिवस बंद ठेवावे. रोज एक चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी जुन्याइतक्याच उष्णतेचे असावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. औषधाची मात्रा पाण्याच्या मापावर अवलंबून असते. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे. ६० × ३० × ३० ची काचपेटी ५४ लिटरची होते. पुढे दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

आजारी अथवा नकोसा मासा कालव्यात किंवा ओढ्यात सोडू नये. त्याचा रोग तेथील माशांस जडू शकतो. काचपेटीजवळ एक वही ठेवून पाणी बदलल्याची तारीख, खाद्य व माशांची वागणूक मुलांकडून लिहवून घ्यावी. पुढील दुखण्याचे कारण पुष्कळदा त्या वहीतच सापडेल.