डोके नसलेला बोल्ट

मोटारीच्या स्टिअरिंगखालचे प्लॅस्टिकचे कव्हर उतरवले की स्टिअरिंग लॉक दिसते. मिश्रधातूचे ओतीव, मुठीएवढे घर. स्टिअरिंगच्या नळीला ते कड्यासारखे कवटाळून बसलेले असते. चावी काढली की आतली पोलादी पिन शाफ्टच्या खाचेत उतरते आणि स्टिअरिंग फिरेनासे होते. कड्याचे दोन भाग ज्या बोल्टांनी आवळलेले असतात, त्यांना पाना लावायला जागाच नसते. गुळगुळीत, बटणासारखा उंचवटा तेवढा दिसतो. बसवताना या बोल्टला साधे षटकोनी डोके होते. त्या डोक्याखालची मान मुद्दाम बारीक ठेवलेली असते. ठरलेल्या जोरापर्यंत आवळले की मान पिळवटून तुटते आणि डोके पान्यातच राहते. किती आवळायचे हे बोल्ट स्वतःच मोजतो आणि माप भरले की उलटा फिरवण्याची सोय काढून घेतो. चोराने लॉक उचकटून नेऊ नये म्हणून ही योजना आहे. पण चावी झिजते, कुलपाच्या आतल्या पातळ पत्र्या अडकतात, पिन मागे सरकत नाही, आणि एक दिवस मालकालाच ते अख्खे घर उतरवून बदलावे लागते. त्या दिवशी हा बोल्ट मालकाच्या वाटेत उभा राहतो. त्याने उभे राहावे की नाही, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

तो पाहायला फरीदाबादसारखी जागा नाही. मराठी वाचकाने पिंपरी-चिंचवड डोळ्यांपुढे आणावे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी फरीदाबाद हे नवे औद्योगिक शहर उभे राहिले. पुढे एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर, बल्लभगडचे गुडइयरचे टायर आणि जेसीबीची यंत्रे इथून निघू लागली. वाहनांसाठी नटबोल्ट घडवणारी स्टर्लिंग टूल्स ही कंपनीही इथलीच. बोल्ट घडवणारे हात आणि अडलेला बोल्ट काढणारे हात असे एकाच शहरात नांदतात. शेजारी दिल्ली आहे. तिथे गेल्या काही वर्षांत वाहनचोरीचा आकडा वर्षाला तीस हजारांच्या खाली आलेला नाही. म्हणजे चोराची भीती आणि दुरुस्तीची गरज, दोन्ही इथे खऱ्या आहेत.

हे काम नीट करणारा मिस्त्री आधी बॅटरीची तार सोडतो आणि एअरबॅगमधला वीजसाठा उतरावा म्हणून थोडा थांबतो. पुढची चाके सरळ करणे शक्य असेल तर करून घेतो, कारण स्टिअरिंगखालची एअरबॅगची गुंडाळलेली तार शाफ्ट सुटा असताना जास्त फिरली तर तुटते. बऱ्याच गाड्यांत पूर्ण स्टिअरिंग कॉलमच उतरवून बाकावर घ्यावा लागतो. डॅशबोर्डखाली उताणे पडून ड्रिल सरळ धरता येत नाही. मग पहिला प्रयत्न छिन्नीचा. उंचवट्याच्या कडेला छिन्नीची धार तिरपी टेकवायची आणि उलट्या दिशेने हलके, एकसारखे ठोके द्यायचे. बोल्ट एका केसाएवढा जरी सरकला तरी पुढचे बोटांनीही निघते. नाही सरकला, तर सेंटर पंचने बरोबर मध्यावर खूण करून ड्रिल लावायचे. सगळे कसब या खुणेत आहे. बोल्ट पोलादाचा, भोवतीचे घर मऊ धातूचे. खूण मिलिमीटरभर चुकली तरी ड्रिल मऊ बाजूला पळते आणि घराचे आटे खाऊन टाकते. (आपण ज्यांना आटे म्हणतो त्यांना फरीदाबादकडे चूडी म्हणतात, आणि आटे गेले की चूडी मेली.) पोलादाचा बारीक चुरा इग्निशन स्विचमध्ये गेला तर शॉर्ट व्हायचा, म्हणून खाली फडके पसरलेले असते आणि हाताशी चुंबक.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात, आणि प्रत्यक्ष ताण निर्माण करायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून पूर्ण बोल्ट पोखरण्याची गरजच नसते. उंचवटा तेवढा ड्रिलने उडवला की डोक्याखालचे घर्षण संपते, ताणही सुटतो, कड्याचा वरचा भाग उचलून घेता येतो आणि उरलेला दांडा पक्कडीने सहज फिरतो. जो अधीर होऊन खोल भोक पाडतो आणि त्यात अडलेला बोल्ट उलटा काढणारा एक्स्ट्रॅक्टर ठोकतो, त्याचा एक्स्ट्रॅक्टर आत तुटण्याचा धोका असतो. ते पोलाद इतके कठीण असते की साधे ड्रिल त्यावर घसरत राहते. सगळा व्यवहार उजेडात, बाकावर, सवयीच्या हाताने केला तरी वेळखाऊ आहे, आणि या बोल्टाचे सगळे मोल त्या वेळात आहे. तो कोणालाही कायमचा अडवत नाही. रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या माणसाकडे नसलेला वेळ तो मागतो.

यावर आक्षेप असा की, आजचा चोर या बोल्टाला हातही लावत नाही. तो इलेक्ट्रॉनिक मार्गाने दुसरी चावी तयार करतो. मग प्रामाणिक मालकाने ड्रिलची मजुरी का भरावी? मला हा आक्षेप अर्धाच पटतो. चोर ज्या वाटेने गेला नाही, ती वाट बंद होती म्हणून गेला नाही, हे चोरीच्या नोंदीत कधी दिसत नाही. अमेरिकेत २०२१ नंतर इमोबिलायझर हा इलेक्ट्रॉनिक पहारा नसलेल्या काही ह्युंदाई आणि किआ गाड्या मोठ्या संख्येने चोरीला गेल्या. तिथे यांत्रिक कुलूप एकटे पडले होते. उलट तेच कुलूप काढून टाकले तर इलेक्ट्रॉनिक पहारा एकटा पडेल. पश्चिम जर्मनीने १९६३ पासून नव्या-जुन्या सगळ्याच मोटारींना असे लॉक सक्तीचे केले, तेव्हा तिथली चोरी एकदम घसरली आणि खालीच राहिली. ब्रिटनमध्ये १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना लॉक आले. नव्या गाड्यांची चोरी कमी झाली खरी, पण चोर लॉक नसलेल्या जुन्या गाड्यांकडे वळले. अर्धवट संरक्षणाचा भार ज्याच्याकडे ते नाही त्याच्यावर पडतो.

हीच गोष्ट फरीदाबादच्या, आणि पुण्याच्याही, गॅरेजांना लागू आहे. जुना बोल्ट काढल्यावर त्या जागी बाजारातला साधा षटकोनी बोल्ट ठोकून गाडी परत देणे हा सोपा मार्ग असतो. त्या क्षणी ती गाडी ब्रिटनमधल्या त्या जुन्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसते. शिवाय साध्या बोल्टला योग्य ताण कळत नाही. कमी आवळला तर हादऱ्यांनी घर सैल होते आणि पिन खाचेत तिरपी बसते. जास्त आवळला तर ओतीव धातूला तडा जातो. साधा बोल्ट पुढच्या दुरुस्तीला सोयीचा, हे म्हणणे खरे आहे. पण ती सोय चोरालाही तितकीच मिळते. नंबरप्लेटच्या बाबतीत हा विचार आपल्या कायद्यानेच स्वीकारला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना लावलेल्या उच्च सुरक्षा पाटीचे स्नॅप लॉक काढताना मोडते. तीच खीळ पुन्हा वापरता येत नाही, नवी लावावी लागते.

तेव्हा दोष बोल्टाच्या रचनेत नाही, नवा बोल्ट सहज न मिळण्यात आहे. छोट्या गॅरेजला तो सुटा मिळाला नाही, किंवा पूर्ण लॉकचा संच घेतल्याशिवाय मिळालाच नाही, तर मिस्त्री साधा बोल्ट वापरणारच. त्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलांत गेले. कंपन्यांचा बचाव सुरक्षिततेचा होता. त्याच धर्तीवर कोणी म्हणेल, असा बोल्ट कोणाच्याही हाती पडला तर धोका; पण हे म्हणणे तपासून पाहिले तर टिकत नाही. नवा बोल्ट कुलूप उघडायला काही उपयोगाचा नाही. तो फक्त आवळता येतो. चोराला त्याचा उपयोग शून्य, दुरुस्ती करणाऱ्याला पूर्ण. मग तो दोन-दोनच्या पुडीत, चावी बनवणाऱ्याच्या टपरीपर्यंत का पोहोचू नये?

तो पोहोचला की मालकाने करण्यासारखी एक साधी गोष्ट उरते. तेल बदलल्यावर जुना फिल्टर दाखवा म्हणतो, तसे लॉक बदलल्यावर तुटलेली डोकी मागावीत. पाना फिरत असताना कट् असा आवाज येतो आणि षटकोनी डोके पान्यात अलगद सुटे होते. मानेचा तुटलेला भाग ताजा, करडा, किंचित खरखरीत दिसतो. प्रत्येक नव्या बोल्टामागे एक डोके. ती मालकाच्या हातात पडली, तर आत साधे बोल्ट नाहीत हे कव्हर न उघडताही कळते.