कृत्रिम रक्तवाहिनीला जंतुसंसर्ग : शस्त्रक्रियेचे पर्याय

पोटातील महाधमनी फुगल्यास, पायाकडे जाणारी धमनी बंद पडल्यास किंवा डायलिसिससाठी हाताची शीर पुरेशी नसल्यास रुग्णाच्या शरीरात कृत्रिम रक्तवाहिनी बसविण्यात येते. डॅक्रॉन अथवा पीटीएफईची ही नळी बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षे विनातक्रार काम करते. मात्र थोड्या रुग्णांमध्ये तिला जंतुसंसर्ग होतो आणि जीव वाचविणारी नळीच जिवावर उठते.

नळी निर्जीव असणे, हीच खरी अडचण आहे. तिच्या पृष्ठभागावर जंतू स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. त्यात प्रतिजैविके पुरेशी शिरत नाहीत. त्यामुळे औषधाने ताप उतरतो आणि औषध थांबताच परततो. ही लक्षणे मूळ शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही दिसू शकतात.

अशा वेळी नळी काढावी लागते. पण नुसती काढली तर पायाचा रक्तपुरवठा तुटतो. जुन्या पद्धतीत काखेतील धमनीपासून जांघेपर्यंत त्वचेखालून नवा मार्ग तयार केला जातो व नंतर दूषित नळी काढून महाधमनीचे टोक शिवले जाते. हे टोक पुढे फुटण्याचा धोका असतो, शिवाय नवी नळीही कृत्रिमच.

दुसऱ्या पद्धतीत रुग्णाच्याच मांडीतील खोल शिरा काढून त्यांची महाधमनी घडविली जाते. अमेरिकेतील क्लॅजेट व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रिया अनेक तासांची, दमछाक करणारी. अत्यवस्थ रुग्णाला ती सोसेलच असे नाही. परंतु जिवंत शीर संसर्गाला चांगली दाद देत नाही, हा तिचा मोठा गुण. रिफॅम्पिसिनमध्ये भिजविलेले डॅक्रॉन, गोवंशीय हृदयावरणाची नळी आणि मृत दात्याची धमनी हे अन्य पर्याय होत. जांघेतील संसर्ग मर्यादित असेल, तर जखम स्वच्छ करून नळी स्नायूने झाकण्याचा प्रयत्नही केला जातो.

दात्याच्या धमनीचा प्रश्न येतो तेव्हा दिल्लीचा संबंध येतो. १९९४ च्या मूळ कायद्याचा भर अवयवांवर होता. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही त्यात समावेश झाला. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटना, म्हणजेच नोट्टो, दिल्लीतील सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात आहे. राजधानीतील एम्समध्ये दात्यांच्या हृदयाच्या झडपा जतन करून वापरण्याचे काम १९९० च्या दशकापासून झाले आहे. नेत्रदान घरोघरी ठाऊक आहे. रक्तवाहिन्याही दान करता येतात, हे मात्र अवयवदानाचा अर्ज भरणाऱ्यांपैकीही अनेकांना ठाऊक नसावे.

कृत्रिम नळी बसविलेल्या व्यक्तीला वारंवार ताप येत असल्यास किंवा जखमेतून स्राव होत असल्यास तिने रक्तवाहिनी शल्यविशारदांकडे विनाविलंब जावे. पोटातील महाधमनीवर नळी असताना उलटीतून वा शौचातून रक्त गेल्यास नळीचा आतड्याशी संपर्क आल्याची शक्यता असते. तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा आणि नळीची माहिती डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावी.