निकालानंतरचे पंधरा दिवस
(गावकारभार आणि कायदा : लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण उमेदवारी अर्जांची छाननी पाहिली. अर्ज बाद झाला की थेट हायकोर्टात धाव घ्यावी, असे पुष्कळांना वाटते. ती वाट सुप्रीम कोर्टाने १९५२ सालीच पोन्नुस्वामी खटल्यात जवळजवळ बंद केली. निवडणूक सुरू झाली की ती मध्येच अडवायची नाही, तक्रार निकालानंतर याचिकेतूनच मांडायची. ग्रामपंचायतींसाठी हेच बंधन राज्यघटनेच्या २४३-ओ कलमात आहे.

मग निकालानंतर काय? मालवण तालुक्यातल्या एखाद्या प्रभागात दोन-तीन मतांनी पडलेल्या उमेदवाराच्या हाती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम १५ आहे. निकाल जाहीर झाल्यापासून पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करायचा. दिवाणी न्यायालय मालवणातच असल्याने आचऱ्याच्या किंवा देवबागच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. न्यायाधीश मतांची छाननी आणि मोजणी करून, ज्याची वैध मते जास्त भरतील त्याला विजयी घोषित करू शकतात. इतका थेट अधिकार गावच्या निवडणुकीत आहे, हे फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते.

घोडे अडते ते पुराव्यापाशी. मोजणीच्या टेबलावर कंट्रोल युनिटचे रिझल्टचे बटण दाबले की उमेदवारागणिक आकडे दिसतात. एक कर्मचारी ते वाचतो, दुसरा तक्त्यात उतरवतो. चूक घडलीच तर बहुधा तिथे घडते. ग्रामपंचायतीच्या यंत्राला व्हीव्हीपॅट नसते, म्हणून फेरमोजणी म्हणजे यंत्रातले तेच आकडे पुन्हा वाचून तक्त्याशी ताडून पाहणे. प्रतिनिधीने आपल्या वहीत केंद्रागणिक आकडे टिपून ठेवले नसतील, तर वकील कोर्टापुढे बोट तरी कशावर ठेवणार? फेरमोजणीची मागणी निकाल जाहीर होण्यापूर्वी, लेखी आणि कारणासह द्यायची. बाहेर कितीही आरडाओरड केली तरी ती पुराव्यात येत नाही.

हरयाणातल्या पानिपत जिल्ह्यात बुआना लाखू गावी नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका मतदान केंद्रावर उमेदवारांची मते एकमेकांच्या नावावर चढली आणि हरलेला विजयी ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. तिथे यंत्रे मागवून कोर्टाच्याच आवारात सगळी मते मोजली गेली. १०५१ विरुद्ध १००० असा निकाल लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये खरा सरपंच खुर्चीवर बसला. पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षे मात्र कोणीच परत देऊ शकले नाही.

विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत तर याहून वाईट झाले. डॉ. रमेश प्रभू यांची निवड हायकोर्टाने १९८९ मध्ये रद्द केली, सुप्रीम कोर्टाने त्यावर डिसेंबर १९९५ मध्ये शिक्कामोर्तब केले. ती विधानसभा १९९० मध्येच इतिहासजमा झाली होती. निकाल कायद्याच्या दृष्टीने मोलाचा, पण त्या मतदारांच्या काय उपयोगाचा?

लोकसभा-विधानसभेसाठी पंचेचाळीस दिवसांची मुदत असते आणि याचिका हायकोर्टात जाते. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, एवढेच कायदा म्हणतो. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात २०२४ मध्ये नारायण राणे ४७,८५८ मतांनी निवडून आले, त्यांच्या निवडीला विनायक राऊत यांनी याचिकेने आव्हान दिले आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टाने राणे यांना समन्स काढले. भ्रष्ट आचरणाचा आरोप असला की फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागतो. मतांचा फरक अगदी थोडा असला तरी काम सोपे होत नाही. वायव्य मुंबईत अमोल कीर्तिकर अवघ्या ४८ मतांनी हरले होते, तरी याचिकेतून पुरेसे कारण उभे राहत नाही म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये ती पुराव्याच्या टप्प्याआधीच फेटाळली गेली.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की कलम १५ चे अर्ज जमिनीच्या दाव्यांच्या रांगेत उभे करू नयेत. यंत्र आणि तक्ता समोर ठेवून जे काही बैठकांत ठरू शकते, त्यासाठी वर्षे जाण्याचे कारण नाही. दिवाणी न्यायाधीशांच्या निर्णयाविरुद्ध रिट करायची झाली, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गासाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या, पण पंधरा दिवसांची मुदत तीच आहे. निकालपत्रकाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा.