जुनी गाडी, परके इंजिन आणि कलम ५२

मोटारीचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवणे, पाटे वाढवून किंवा स्प्रिंगा कापून तिची उंची कमीअधिक करणे, हा उद्योग जगात अनेक ठिकाणी चालतो; परंतु त्यामागची प्रेरणा सर्वत्र एक नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी १९३० च्या दशकातील जुन्या फोर्ड गाड्या विकत घेतल्या आणि त्यांत अधिक ताकदीची इंजिने बसवून त्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर पळवल्या. त्यांना वेग हवा होता. आपल्याकडे अॅम्बॅसडर, फियाट आणि जीप यांच्या पोटात परकी इंजिने गेली ती वेगासाठी नव्हेत. ती गेली पेट्रोल आणि डिझेल यांच्या भावांतील फरकामुळे, आणि नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत असे म्हणून. हा भेद लक्षात घेतला नाही तर या विषयावरील आजचा कायदा आणि त्याविषयीची तक्रार ही दोन्ही नीट कळणार नाहीत.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव चढले. डिझेल हे शेतीचे आणि मालवाहतुकीचे इंधन म्हणून सरकारने जाणीवपूर्वक स्वस्त ठेवले. त्या काळात देशात मोटारी बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, त्यांचे उत्पादन परवान्याने बांधलेले, आणि मागणी मात्र कितीतरी अधिक. अशा वेळी दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी मोडीत काढणे हा विचारही कोणाच्या मनात येत नसे. गाडी टिकवायची, आणि टिकवायची तर ती स्वस्तात चालली पाहिजे, हे टॅक्सीवाल्यापासून तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत सर्वांचे साधे गणित होते. मग भंगारातून टेंपोचे किंवा ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन आणायचे आणि मिस्त्रीच्या हवाली करायचे. कारखानदारांनीही पुढे तोच मार्ग धरला. हिंदुस्थान मोटर्सने १९८० च्या सुमारास अॅम्बॅसडर डिझेलमध्ये आणली आणि महिंद्रांच्या जिपाही डिझेलवर गेल्या. गॅरेजमध्ये आधी जे घडते ते कारखान्यात मागाहून अवतरते, याचे हे एक बरे उदाहरण म्हणावे लागेल.

हे काम वाटते तितके सोपे नाही. पद्मिनीचे मूळ इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे आणि तुलनेने हलके. डिझेलच्या इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते. तो दाब सोसण्यासाठी त्याचे अंग जाड आणि म्हणून जड असते. ते पुढच्या चाकांवर ठेवताच गाडीचे नाक खाली वाकते. इंजिनाचे फाउंडेशन नव्याने वेल्ड करावे लागते, आणि डिझेलचा धक्का सोसेल असे रबर त्याखाली द्यावे लागते. नाहीतर सहा महिन्यांत पत्र्याला चिरा पडतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोके जुळत नाहीत, तेव्हा मध्ये जाड पोलादी प्लेट लेथवर तयार करून घ्यावी लागते. येथे एका मिलिमीटरच्या अंशाचा जरी तिरकेपणा राहिला तरी गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि क्लच वारंवार जातात. प्रॉपेलर शाफ्ट कापून लहान करायचा तर तो पुन्हा समतोल करून घ्यायला हवा. पेट्रोलचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्या सहज घेत असे; डिझेलचे चार हजारांच्या आसपासच दम टाकी. त्यामुळे मागच्या आसातील दात्यांचे प्रमाण न बदलल्यास गाडी रस्त्यावर सारखी ओरडत राही. जाणता मिस्त्री ते प्रमाणही बदली. अर्धवट जाणणारा बदलत नसे, आणि गाडीला आवाज आहे एवढेच मालकाला सांगे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या नाना पेठेत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली त्यांना या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत. पुस्तकी शिक्षण नसताना केवळ हाताच्या अनुभवावर यंत्राचे अंतरंग ओळखणारी एक पिढी या कामातून घडली. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तिची दखल घेतली नाही, हा आपल्या विद्याजीवनाचा एक जुनाच दोष आहे.

परंतु याच कामाची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते कौतुक खोटे ठरेल. इंजिनापेक्षा अधिक धोका असतो तो स्प्रिंगांच्या आणि पाट्यांच्या फेरफारात. कारण इंजिन बिघडले तर गाडी थांबते, स्प्रिंगांचे गणित चुकले तर ती उलटते. गाडी खाली बसवण्यासाठी कॉइल स्प्रिंग कापण्याची पद्धत सर्रास आढळते. आठ वेटोळ्यांच्या स्प्रिंगेचे एक वेटोळे कापले तर तिचा ताठरपणा सुमारे चौदा टक्क्यांनी वाढतो, आणि शॉकअॅब्सॉर्बर मात्र जुन्या ताठरपणासाठी बनवलेले असतात. शिवाय ती गॅसच्या ज्योतीने कापली तर त्या जागी पोलादाचे पाणी उतरते आणि एखाद्या दिवशी ती तेथेच मोडते. अॅम्बॅसडरच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नव्हती. तेथे लांब पोलादी दांडा पिळला जाऊन स्प्रिंगेचे काम करीत असे. जड इंजिनाखाली बसलेले नाक उचलण्यासाठी मिस्त्री या दांड्याचा एक दाता पुढे सरकवून देत. नाक उचलले जाई, मालक खूष होई. पण दांड्याचा ताठरपणा तसूभरही वाढलेला नसे. वजन वाढले, आधार तोच राहिला, आणि खड्ड्यात गाडी पूर्वीपेक्षा लवकर तळाला टेकू लागली, असा त्याचा खरा अर्थ.

उलट टोकाला जीप उंच करण्याचा सोस आहे. त्याचे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी किती आडव्या जोरापर्यंत उभी राहील याचा अंदाज मिळतो. अंतर १.३० मीटर आणि गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर धरला तर उत्तर बरोबर एक येते. तीच जीप लांब शॅकल आणि जादा पाटे घालून दहा सेंटिमीटर उचलली की उत्तर ०.८७ वर येते. घाटातील वळणावर हे तेरा टक्के फार मोलाचे असतात, आणि ते गेलेले आहेत हे जिपेकडे पाहून कळत नाही. त्या गाडीत बसलेल्या भाच्यापुतण्यांना तर ते मुळीच कळत नाही. ब्रेकचे तसेच. पेट्रोल इंजिनाच्या ओढीतून मिळणाऱ्या पोकळीवर ज्या गाडीच्या ब्रेकचा जोर अवलंबून असतो, त्या गाडीत डिझेल इंजिन बसवताना वेगळा व्हॅक्यूम पंप दिला नाही तर ब्रेक दगडासारखा कठीण होतो. हे अनेकदा कळते ते पहिल्याच उतारावर.

तेव्हा राज्यसंस्थेने या कामात लक्ष घालावे यात वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो कसे घालावे याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ मूळ स्वरूपात असे होते की, नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार करायचा तर मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला आधी कळवावे आणि त्याची मंजुरी घ्यावी. म्हणजे कायदा म्हणत होता, ‘विचारा’. २००० साली या कलमात दुरुस्ती झाली आणि कायदा म्हणू लागला, ‘करू नका’. कारखानदाराने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार कोणत्याही मालकाने करू नये, असा त्याचा आशय. अपवाद ठेवला तो इंधन बदलणाऱ्या संचाचा, म्हणजे सी.एन.जी., एल.पी.जी., बॅटरी इत्यादींचा. केरळ उच्च न्यायालयाने या कलमाचा काहीसा उदार अर्थ लावला होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

या कडकपणामागे कारणे आहेत. चोरीच्या गाडीचे इंजिन दुसरीच्या सांगाड्यात जाऊन बसते तेव्हा तपास करणाऱ्या पोलिसाच्या हाती काही उरत नाही. अपघातानंतर विमा कंपनी आणि जखमी यांच्यात वाद लागतो तेव्हाही गाडी मुळात कोणती होती हा प्रश्न निकराचा ठरतो. पण बंदी घातल्याने काम थांबले असे कोणी म्हणणार नाही. ते फक्त गॅरेजच्या मागच्या अंगणात गेले. पूर्वी निदान नोंदणी अधिकाऱ्याची नजर त्या वेल्डिंगवरून एकदा फिरत असे. आता मालक पासिंगच्या दिवसापुरते जुने भाग उसने आणून लावतो किंवा निरीक्षकाची ‘समजूत’ काढतो. जे लपवावे लागते ते चांगले करण्याची गरज उरत नाही. चांगल्या मिस्त्रीला आपले काम दाखवता येत नाही, वाईट मिस्त्रीचे काम कोणी पाहत नाही, आणि दोघांची मजुरी एकाच भावाने ठरते.

इतर देशांत या पेचातून निराळी वाट काढलेली दिसते. जर्मनीत फेरफार केल्याबरोबर गाडीचा परवाना धोक्यात येतो हे खरे. परंतु मान्यताप्राप्त तज्ज्ञाने ती एकटी गाडी तपासून दाखला दिला की फेरफार नोंदणीत लिहिला जातो आणि गाडी उजळ माथ्याने रस्त्यावर येते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे वापरलेली गुणपद्धती तर वाचण्यासारखी आहे. मूळ गाडीचे किती अंश शिल्लक आहेत हे ठरवताना सांगाड्याला पाच गुण, स्प्रिंगव्यवस्थेला दोन, आसांना दोन, गिअरव्यवस्थेला दोन, स्टिअरिंगला दोन, आणि इंजिनाला अवघा एक. आठ गुण टिकले की गाडीचा जुना क्रमांक कायम. इंजिन हे गाडीचे हृदय असे आपण सहज बोलून जातो, पण त्या हिशेबकर्त्यांनी त्याला सर्वांत कमी किंमत दिली. वर स्प्रिंगांविषयी जे लिहिले आहे ते पाहता त्यांचे तारतम्य योग्यच होते.

आपल्याकडे मात्र जुन्या गाड्यांची कोंडी दोन्हीकडून होते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. अट अशी की सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७० ची अॅम्बॅसडर, जिच्यात १९८५ साली रीतसर मंजुरीने डिझेल इंजिन बसले, ती आज वारशाच्या यादीत बसत नाही. तिच्या मालकाने त्या वेळी सरकारच्याच भावधोरणाला प्रतिसाद दिला होता, इतकेच. आणि ते धोरणही आता उरलेले नाही: पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोपवले गेले. स्वस्त डिझेलसाठी इंजिन बदलण्यात पूर्वीइतका अर्थ राहिला नाही. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली.

असे असता हा विषय आता का काढावा, असे कोणी विचारील. कारण इंजिन बदलण्याची दुसरी लाट दारात उभी आहे. जुन्या गाडीचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर आणि बॅटरी बसवणे कायद्याला मान्य आहे. पण संच मान्यताप्राप्त हवा, आणि ती मान्यता पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ए.आर.ए.आय.सारख्या संस्थांच्या चाचणीनंतर मिळते. चाचणीचा खर्च उत्पादकालाच पेलवतो, आणि उत्पादक ज्या गाड्या रस्त्यावर मुबलक आहेत त्यांचेच संच बनवणार. एखाद्याच घरी उभ्या असलेल्या स्टँडर्ड हेराल्डसाठी कोणी संच बनवणार नाही. त्या गाडीला बॅटरी बसवणारा मिस्त्री कायद्याच्या दृष्टीने आजही गुन्ह्यातच साहाय्य करील; आणि बॅटरीचे वजन पुढे किती व मागे किती, मूळ पाटे ते पेलतील काय, ब्रेक पुरतील काय, हे सारे जुने प्रश्न त्याच्यासमोर पुन्हा तसेच उभे राहतील.

वस्तुतः २०१९ च्या दुरुस्तीनेच फेरफारांच्या मान्यतेसाठी अटी आणि मापदंड ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे, आणि दिव्यांग व्यक्तीच्या सोयीसाठी स्वतःची गाडी बदलून घेण्याची वाट त्याच कलमात खुली केली आहे. म्हणजे एकेका गाडीचा स्वतंत्र विचार करणे या कायद्याला अगदीच परके नाही. वाहनांची योग्यता तपासण्यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत. तेथे ब्रेकचा जोर, चाकांचे सरकणे आणि स्प्रिंगांची स्थिती यंत्राने मोजली जाते. फेरफार केलेली एकटी गाडी त्याच यंत्रावर चढवावी, वेल्डिंग आणि वजनाची वाटणी अभियंत्याने पाहावी, इंजिनाचा मूळ मालक कोण याचा कागद मागावा, शुल्क मालकाकडून घ्यावे आणि निकाल नोंदणी पुस्तकात लिहावा. नापास झाली तर ती गाडी रस्त्यावर नको, आणि ते कारणासह लेखी सांगितले जावे, म्हणजे मिस्त्रीलाही आपले कोठे चुकले ते कळेल.