शहराचा माठ

वैशाखातल्या दुपारी शेतावरून घरी आलात की पहिला हात कशाकडे जातो? माठाकडेच ना? माठ पाझरतो, बाहेर आलेले पाणी वाऱ्याने उडते आणि उडताना माठातली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे ७ पट उष्णता तेवढेच पाणी वाफ होऊन उडताना ओढून घेते.

तापलेली शहरे गार करायला तळी, ओढे आणि पाणबागा करा, असे आज जगभर सांगतात. त्यामागे हाच माठ आहे. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने एका ओढ्यावर बांधलेला उंच रस्ता पाडला आणि २००५ साली सुमारे ६ किलोमीटरचा ओढा पुन्हा मोकळा केला. उन्हाळ्यात त्याच्या काठची हवा जवळच्या रस्त्यांपेक्षा ३ अंशांहून अधिक गार भरली.

आपल्याला याचे नवल वाटायला नको. आपल्याच सिंदखेडराजाला, जिजाऊंच्या माहेरी, मोती तलाव आणि चांदणी तलाव आहेत. चांदणी तलावात तर पाण्याच्या मधोमध इमारत उभी केली आहे. वारा कोठूनही येवो, त्याला पाण्यावरूनच यावे लागणार! लखुजी जाधवराव निजामशाहीचे सरदार. त्या राजवटीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. तेथेही १५८३ साली फराहबागेचा महाल असाच तळ्याच्या मध्यभागी बांधला गेला. आज ते तळे कोरडे आहे आणि महाल उन्हात उभा आहे.

आता खरी गोष्ट. गारवा फुकट मिळत नाही. जेवढे पाणी उडेल तेवढाच तो मिळतो. ऐन उन्हाळ्यात तळ्यातून दिवसाला १ सेंटिमीटर पाणी उडाले असे धरा. हेक्टरभर तळ्याचे झाले रोज १ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर! ज्या तालुक्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात, तेथे धरणाचे पाणी कारंज्यात उडवायला कोण हो म्हणेल? मी तरी म्हणणार नाही.

पण शहराजवळ स्वतःचे पाणी असते. एक पावसाचे, दुसरे सांडपाण्याचे. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते. तसेच पाणी बागेच्या तळ्यालाही चालेल. जुन्या तलावांतला गाळ काढला तर पावसाचे पाणी अधिक साठते. महामार्गाच्या भरावासाठी तलावांतली माती उचलून आपल्या जिल्ह्याने हे करून दाखवले आहे. ‘बुलढाणा पॅटर्न’ हे नाव त्यावरूनच पडले. काठाला कडुनिंब, वड, करंज लावले तर सावलीही मिळते.

मुंबईच्या दमट हवेत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. हवा आधीच ओली, पाणी उडणार कसे? आपल्याकडे घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे कोरडी झळ असते, तेथे ती चांगली लागू पडते.

१२ जानेवारीला जिजाऊंच्या दर्शनाला तुम्ही जातच असाल. पण तेव्हा थंडी असते. एकदा चैत्रात जा आणि चांदणी तलावाच्या काठी दुपारी घटकाभर बसा. आधी तेवढे विचारून घ्या, तलावात पाणी आहे ना!