ऱ्हाईन नदीचे प्रदूषण–नियंत्रण

ऱ्हाईन नदीचे प्रदूषण–नियंत्रण : पश्चिम यूरोपातील ऱ्हाईन नदीचे पाणी शुद्ध राखण्यासाठी काठावरील राष्ट्रांनी संयुक्तपणे योजिलेले उपाय. आल्प्स पर्वतात उगम पावणारी सु. १,२३० किमी. लांबीची ही नदी स्वित्झर्लंड, फ्रान्स व जर्मनी यांचे सांडपाणी घेऊन नेदर्लंड्समध्ये शिरते व उत्तर समुद्रास मिळते. वरच्या राष्ट्रांना ती सांडपाणी वाहून नेणारे सोयीचे साधन वाटे. तेच पाणी पिण्यासाठी व बागायतीसाठी वापरणाऱ्या डचांना त्याची झळ पोहोचे. त्यामुळे नेदर्लंड्सच्या पुढाकाराने ११ जुलै १९५० रोजी बाझेल येथे ही चार राष्ट्रे व लक्सेंबर्ग यांचा आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला. १९६३ च्या बर्न कराराने त्यास वैधानिक पाया लाभला. तथापि त्याला केवळ शिफारशी करता येत.

सर्वांत चिवट वाद मिठाचा ठरला. फ्रान्समधील अल्सेसच्या सरकारी पोटॅश खाणी टाकाऊ मीठ नदीत सोडीत व खारट पाण्याने डच रोपवाटिकांचे नुकसान होई. एका रोपवाटिकेने रॉटरडॅमच्या न्यायालयात खाणींवर दावा लावला. हानी जेथे झाली तेथील न्यायालयातही दाद मागता येते, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने १९७६ मध्ये दिला. त्याच वर्षी बॉन येथे झालेल्या करारान्वये फ्रान्सने काही मीठ जमिनीत खोलवर सोडावयाचे होते. खर्चाची वाटणी मोठी चमत्कारिक होती : नेदर्लंड्स ३४%, फ्रान्स व प. जर्मनी प्रत्येकी ३०% आणि स्वित्झर्लंड ६%. म्हणजे ज्याची हानी झाली त्याच्यावरच सर्वाधिक भार. भूजल बिघडण्याच्या भीतीने अल्सेसमध्ये विरोध झाला. फ्रान्सने १९७९ मध्ये कराराच्या मान्यतेचा प्रस्ताव संसदेतून मागे घेताच नेदर्लंड्सने आपला राजदूत काही काळ परत बोलाविला. करार अखेर १९८५ मध्ये अंमलात आला.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गुदामास आग लागली. ती विझविण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले आणि ईल मासे प्रचंड संख्येने मेले. वर्षाच्या आतच, १ ऑक्टोबर १९८७ रोजी, संबंधित मंत्र्यांनी ऱ्हाईन कृतिकार्यक्रम स्वीकारला. तो कायद्याने बंधनकारक नव्हता, तरी मिठाच्या करारापेक्षा अधिक फलदायी ठरला. २००० पर्यंत नदीत सॅमन मासा परतावा, हे त्याचे उद्दिष्ट सामान्य माणसालाही समजण्याजोगे होते. प्रमुख प्रदूषकांचे प्रमाण १९९५ पर्यंत निम्मे करण्याचे उद्दिष्ट बहुतांशी साध्य झाले. १९९९ च्या बर्न करारात (अंमल २००३ पासून) पाण्याबरोबर नदीतील जीवसृष्टीच्या रक्षणाचाही समावेश झाला.

सॅमन परतला, परंतु त्याला स्वच्छ पाण्याइतकीच मोकळी वाटही लागते. इफेझाइम येथील बंधाऱ्यावर २००० मध्ये मत्स्यमार्ग सुरू झाला. बाझेलपर्यंतची वाट मात्र वरच्या जलविद्युत् बंधाऱ्यांमुळे २०२० च्या ठरलेल्या मुदतीत खुली होऊ शकली नाही.