वैमानिक विकत मिळत नाहीत

कॅनडाने ८८ ‘एफ-३५’ लढाऊ विमानं घ्यायची की त्यातली काही कमी करायची, यावर ओटावात बराच खल झाला. पंतप्रधान मार्क कार्नी यांनी २०२५ मध्ये या सौद्याचा फेरविचार सुरू केला आणि पाठोपाठ संरक्षण खर्च जीडीपीच्या दोन टक्क्यांवर नेण्याची घोषणाही केली. मथळे विमानांचे झाले. ती उडवणार कोण, हा प्रश्न मात्र आतल्या पानांत राहिला. त्याचं उत्तर शोधायला मॅनिटोबा प्रांतातल्या ब्रँडनला जावं लागतं.

डिसेंबर १९३९ मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजनेचा करार केला. इंग्लंडच्या आकाशात नवशिक्याला शिकवणं म्हणजे त्याला शत्रूच्या तोंडी देणंच होतं. म्हणून शाळाच समुद्रापार हलली. मार्च १९४५ पर्यंत या योजनेतून १,३१,५५३ वैमानिक, नेव्हिगेटर, गनर आणि रेडिओ ऑपरेटर तयार झाले. यातल्या कितीतरी शाळा ब्रँडन ज्या भागात आहे त्या कॅनडाच्या प्रेअरीच्या गवताळ मैदानांवर उभ्या राहिल्या.

सपाट जमीन आणि मोकळं आकाश ही कारणं सगळेच सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती एकोणिसाव्या शतकातली जमीनमोजणी. वसाहतीसाठी सरकारने हा सगळा मुलूख एकेक मैलाच्या चौकोनांत आखून दिला होता. शेतांच्या कडा आणि रस्ते उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम धावतात. वरून पाहणाऱ्या पोराला दिशा आणि अंतर दोन्ही जमिनीवरच लिहिलेलं दिसे. तरीही वाट चुकलीच, तर आगगाडीचे रूळ धरायचे. प्रत्येक स्टेशनापाशी धान्याचं उंच लाकडी कोठार असे आणि त्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत गावाचं नाव. विमान खाली आणून ते वाचायचं, नकाशावर बोट ठेवायचं आणि पुन्हा वर जायचं. थंडीत मात्र बर्फ पडला की शेतं, रस्ते, कडा सगळं एकसारखं पांढरं होई आणि हा आधार जाई. याच थंडीमुळे कॅनडात बांधलेल्या टायगर मॉथ या सरावाच्या विमानांवर पारदर्शक बंद छत होतं. एरवी हे विमान उघडंच.

सतरा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या ब्रँडनने या कामाला आधी दिली ती गुराढोरांच्या प्रदर्शनाची इमारत. ‘विंटर फेअर’चं ते प्रशस्त सभागृह भरती केंद्र झालं. जिथे बैल मिरवले जात, तिथे दुमजली खाटांच्या रांगा लागल्या. केस कापणं, लस टोचणं, कवायत, सगळं तिथेच. याच इमारतीत १९१४ ते १९१६ या काळात सरकारने शेकडो युक्रेनियन स्थलांतरितांना ‘शत्रू देशाचे नागरिक’ म्हणून डांबलं होतं. आणि १९४२ पर्यंत कॅनडाच्या हवाई दलाचा नियम युरोपीय वंशाचेच उमेदवार घेण्याचा होता. लोकशाहीसाठी लढायला निघालेल्या दलाचा हा डाग धुवून काढता येत नाही.

भरतीनंतर वर्ग, मग लिंक ट्रेनर. लाकडी पेटीएवढं छोटं खोटं विमान, आत एकच खुर्ची आणि डोक्यावर झाकण. बाहेरचं काही दिसत नाही. खाली हवेचे भाते. ते बनवणाऱ्या एडविन लिंकच्या घरचा धंदा ऑर्गन बांधण्याचा, त्यामुळे भात्यांची करामत तो लहानपणापासून जाणत होता. या पेटीत मुलं फक्त काट्यांवर नजर ठेवून ‘आंधळं’ उड्डाण शिकत. पुढे दोन आसनी विमानांवरचे आठेक आठवडे आणि मग ब्रँडनच्या उत्तरेला मे १९४१ मध्ये सुरू झालेली १२ क्रमांकाची शाळा. तिथे दोन इंजिनांच्या सेस्ना क्रेनवर बॉम्बफेकी विमानांचे भावी वैमानिक घडत.

रात्रीच्या सरावात, हिमवादळात, एकमेकांना धडकून शेकडो तरुण शत्रूचं तोंडही न पाहता गेले. त्या शाळेच्या हँगरमध्ये आज संग्रहालय आहे. आवारातल्या २०१४ च्या स्मारकभिंतीवर दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या १९ हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं कोरलेली आहेत.

या योजनेचं खरं शहाणपण मला एका निर्णयात दिसतं. उत्तीर्ण होणाऱ्यांतले कितीतरी गुणी वैमानिक आघाडीवर न पाठवता मागे ठेवले गेले, शिकवायला. त्यांना ते आवडलं नाही. आपल्याला लढाईपासून दूर ठेवलंय, अशी बोच अनेकांच्या मनात होती. पण शिक्षक राखला म्हणूनच पुढची तुकडी वेळेवर तयार होत राहिली.

आज चित्र उलटं आहे. कॅनडाने लढाऊ वैमानिकांच्या प्रशिक्षणाची हॉक विमानं मार्च २०२४ मध्ये निवृत्त केली. नवी व्यवस्था उभी करण्याचं २५ वर्षांचं, सुमारे ११.२ अब्ज कॅनेडियन डॉलरचं कंत्राट त्याच वर्षी मे महिन्यात दिलं गेलं. क्रम चुकला, आणि ज्या देशात एकेकाळी मित्रराष्ट्रांची मुलं शिकायला येत, त्याची मुलं लढाऊ विमानं शिकायला मित्रराष्ट्रांकडे जाऊ लागली. विमानांच्या आकड्यावर भांडण्याआधी ओटावाने प्रशिक्षकांची संख्या जाहीर करावी आणि ती दरवर्षी वाढते आहे की नाही, हे संसदेने विचारावं. पैसा ओतला तर विमान काही वर्षांत मिळेल. ते शिकवणारा माणूस तयार व्हायला त्याहून जास्त वर्षं लागतात, आणि ती आधीच मोजायला घ्यावी लागतात.